जमिनीवरचा

बेहेरेबाईंनी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला आणि त्या छत्तीस वर्षांत वर्गासमोर एकदाही ‘माझं चुकलं’ असं म्हटलं नाही. यात बढाई नव्हती. त्यांचं चुकतच नसे, निदान त्यांचा स्वतःचा आणि सगळ्या शाळेचा तसा समज होता. पाठ्यपुस्तकात चुका सापडल्या की बाई त्या क्रमांक घालून पोस्टकार्डावर मंडळाला कळवत. एका वर्षी सतरा निघाल्या, कार्ड पुरेना, म्हणून अंतर्देशीय आणावं लागलं. घरी लग्नपत्रिका आली तरी बाई आधी शुद्धलेखन बघत आणि मग मुहूर्त.

तपासण्याचा त्यांचा नियम दोन पिढ्यांना पाठ होता. मात्रा चुकली तर अर्धा गुण गेला, अर्थ चुकला तर पूर्ण. मग रडा, पडा, आईला घेऊन या, गेलेला गुण काही परत यायचा नाही. आणि खोडलेलं उत्तर बाई बघतच नसत. खोडलंस ना, मग संपलं.

निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती. कर्वेनगरात दोन खोल्यांत बाई एकट्या राहत आणि सोसायटीचे सेक्रेटरी पाणी बंद राहण्याची नोटीससुद्धा लावण्याआधी त्यांना दाखवून घेत. न दाखवता लावली की संध्याकाळपर्यंत तिच्यावर लाल शाईने अनुस्वार उमटलेले असत, आणि मग येणारेजाणारे पाण्याचं सोडून तेच वाचत बसत.

अशा बाईंकडे केयूर आपण होऊन गेला, म्हणजे त्याच्या धाडसाची कमालच म्हणायची. केयूर त्यांचा जुना विद्यार्थी, आता माहितीपट करणारा. नॉर्वेच्याही वर, उत्तर ध्रुवाकडे जाणाऱ्या एका जहाजावर चोवीस दिवस राहून तो शूटिंग करून आला होता. तिथला बर्फ कसा कमी होतोय, का होतोय आणि त्याचं इथे आपल्याला काय, हे आठवी-नववीच्या मुलांना कळावं म्हणून त्याने चाळीस मिनिटांची फिल्म बेतली होती. एक शैक्षणिक संस्था ती चारशे शाळांना देणार होती. निवेदन केयूरनेच लिहिलं होतं, एका शास्त्रज्ञाकडून शब्द न् शब्द तपासून घेतलं होतं, पण मराठी जरा लाकडी झालं होतं. बाईंनी भाषा तेवढी बघावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

बाईंनी बघितली. बावीस पानं परत आली ती लालभडक होऊन. ‘डॉक्युमेंट्री’ गेली, ‘माहितीपट’ आला. ‘हिमाच्छादनाचे आकुंचन’ गेलं, ‘बर्फ आटतोय’ आलं, आणि हे मात्र कुणीही मान्य करावं, मूळच्यापेक्षा शंभर पटीने बरं झालं होतं. चौदाव्या पानावर एक वाक्य होतं: ‘ध्रुवाजवळच्या जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात आला की समुद्राची पातळी वाढते.’ बाईंनी ते कापून सुटसुटीत केलं: ‘बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते.’ आणि समासात शेरा मारला: ‘पाल्हाळ. बर्फ जमिनीवर नाही, तर काय हवेत असतो?’

केयूर तो शेरा वाचून पोट धरून हसला आणि त्याने वाक्य बदलून टाकलं. शास्त्रज्ञाला पुन्हा दाखवायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. बाईंच्या हाताखालून गेलेलं परत कोण तपासणार? उलट त्याने निवेदनालाही बाईंचाच आवाज घ्यायचं ठरवलं. नट मंडळींचे आवाज फार गोड होते. त्याला असा आवाज हवा होता, की जो ऐकला की नववीतली मुलं पाठ ताठ करून बसतील. वारज्याच्या एका स्टुडिओत दोन दिवसांत काम झालं.

चारशे शाळांकडे पाठवण्याआधी दोन शाळांत फिल्म दाखवून बघायची आणि नंतर मुलांकडून एक पाच प्रश्नांची उत्तरपत्रिका लिहून घ्यायची, अशी संस्थेची अट होती. पहिली शाळा कर्वेनगरातलीच. तिथे पडद्यावरच्या नकाशात मुंबईचा किनारा निळा झाला, तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. नंतर एकाने उभं राहून पुणे बुडणार का, असं विचारलं. पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच आहे, असं बाईंनी सांगितल्यावर सगळे निवांत झाले. मग दुसऱ्याने विचारलं, की मुंबईची माणसं मग इथे राहायला येणार का? बहुधा येतील, असं बाई म्हणाल्या, आणि त्या वर्गाच्या चेहऱ्यावर हवामानबदलाची खरी काळजी तेवढ्या एका क्षणापुरती दिसली.

दुसरी शाळा हडपसरची. शनिवारी सकाळी नववीच्या दोन तुकड्या मिळून एकशे अठरा मुलं हॉलमध्ये बसवली होती. खिडक्यांना पडदे नव्हते म्हणून शाळेतल्या सतरंज्या खिळ्यांना अडकवून अंधार केला होता. पांढरं अस्वल आल्याबरोबर मागून कुणीतरी शेजारच्याला ‘तुझा मामा आला’ म्हणालं, हशा झाला, आणि मग बाईंचा आवाज सुरू झाल्यावर शांतता पसरली. खुद्द बाई दाराशी खुर्चीवर बसून ऐकत होत्या. आपला आवाज एवढ्या मोठ्याने, एवढ्या मुलांपुढे पुन्हा चाललाय, याचं त्यांना फार बरं वाटत होतं. नऊ वर्षांत वर्गाची आठवण आली नाही असं त्या लोकांना सांगत, ते खोटं होतं.

फिल्म संपल्यावर शंका विचारायला सांगितलं. दोन-तीन नेहमीचे प्रश्न झाले. मग तिसऱ्या रांगेतून एक काटकुळी मुलगी उभी राहिली. भाग्यश्री तिचं नाव. तिचे वडील रंगराव यवतमाळकडून आलेले आणि हडपसरात बर्फाच्या कारखान्यात कामाला होते, पण हे बाईंना तेव्हा ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

“बाई, पातळी वाढते म्हणालात तेव्हा जो बर्फ दाखवला, तो तर तरंगत होता. तरंगणारा वितळला तर पाणी वाढत नाय.”

हे कुठे वाचलंस, असं बाईंनी विचारलं. वाचलं नाही, पप्पांच्या कारखान्यात बघितलंय, असं ती म्हणाली. कसला कारखाना, असं विचारल्यावर तिने लाद्यांचा म्हणून सांगितलं, आणि सगळा हॉल खिदळला. मुख्याध्यापक जागेवरून डोळे वटारायला लागले. बाईंना थोडा विचार करता आला असता. पण थांबून विचार करणं हे काम बाईंनी नेहमी मुलांवर सोपवलेलं होतं.

“कारखान्यातला हौद वेगळा आणि समुद्र वेगळा,” बाई म्हणाल्या. “बघितलेलं आणि शिकलेलं यांत फरक असतो, बाळ. खाली बस.”

हशा पुन्हा झाला, या वेळी मोठा. भाग्यश्री खाली बसली. मग बाईंनी मात्रेचा आणि अर्थाचा आपला नियम सांगितला, खोडलेलं तपासणार नाही हेही बजावलं, आणि उत्तरपत्रिका वाटल्या.

परत येताना केयूर गाडी चालवता चालवता शीळ घालत होता. मंगळवारी फिल्म संस्थेकडे द्यायची होती आणि आता काही अडेल असं दिसत नव्हतं. उत्तरपत्रिका नुसत्या मोजून दिल्या तरी चाललं असतं, पण लाल पेन हातात घ्यायची संधी बाई सोडतात होय? गठ्ठा त्या घरी घेऊन आल्या आणि जेवण झाल्यावर टेबलाशी बसल्या.

चौथा प्रश्न होता, समुद्राची पातळी का वाढते? एकेक पत्रिका उलटत होती आणि उत्तर येत होतं, ‘बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते.’ अगदी फिल्ममधलं वाक्य, बाईंचं वाक्य, काना-मात्रेसकट. मुलांच्या अक्षरात आपलं वाक्य वाचताना बाईंना गुदगुल्या होत होत्या. साठ झाल्या, ऐंशी झाल्या, बरोबरच्या खुणा होत होत्या. नव्वदाव्या की एक्याण्णवाव्या पत्रिकेवरही तशीच खूण केली आणि मग त्यांची नजर जरा वर गेली.

वर दोन ओळी पट्टी लावून नीट खोडलेल्या होत्या. खोडलेलं बाई वाचत नसत, पण या वेळी वाचलं गेलं. ‘तरंगणारा बर्फ वितळला तर पाणी तेवढंच राहतं. जमिनीवरचा बर्फ वितळून पाण्यात आला तर वाढतं.’ आणि त्याखाली, न खोडलेलं, सुवाच्य अक्षरात, ‘बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते.’ पत्रिकेवर नाव भाग्यश्रीचं होतं.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. स्वयंपाकघरात जाऊन पेल्यात बर्फ टाकून बघायची काही गरज नव्हती. हा प्रयोग त्यांनी स्वतः वर्गात करून दाखवला होता, एकदा नाही, वीस-पंचवीस वर्षं. काठोकाठ भरलेला पेला, वर तरंगणारा खडा, आणि खडा वितळला तरी थेंबही सांडत नाही. बर्फाने आपल्या वजनाइतक्या पाण्याची जागा आधीच घेतलेली असते. समुद्र वाढतो तो डोंगरांवरून, बेटांवरून वितळून येणाऱ्या बर्फामुळे. हे माहीत नव्हतं असं म्हणायलाही तोंड नव्हतं. स्टुडिओतून सोबत आणलेली निवेदनाची ती लाल प्रत त्यांनी कपाटातून काढली, चौदावं पान उघडलं, आणि आपल्याच हस्ताक्षरातला तो प्रश्न वाचला. बर्फ काय हवेत असतो? हवेत नाही बाई, पाण्यावर असतो, आणि ते एक पोरगी भर सभेत उभी राहून सांगत होती.

कर्वेनगरातल्या मुलांना आणि या एकशे अठरा मुलांना त्यांनी चुकीचं शिकवलं होतं आणि ते त्यांना उत्तम आलं होतं. पण चुकीपेक्षाही बाईंना दुसरंच काही खात होतं. चुका सतरा निघोत की अठरा, दुरुस्त करता येतात. ही मुलगी मात्र बरोबर होती, बरोबर लिहून मोकळी झाली होती, आणि मग तिने पट्टी घेतली होती. खरं खोडायला आपण तिला शिकवलं, हे बाईंच्या मनातून जाईना. त्यांना लाज वाटली. अशी लाज त्यांना आईच्या माराच्या वयानंतर वाटली नव्हती.

संध्याकाळी केयूर आला तो पेढे घेऊन. पेढे तसेच राहिले. बाईंनी पान आणि पत्रिका त्याच्यापुढे ठेवली, त्याने वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरला. मग तो हिशोबाला लागला. नुसता एक शब्द घालून भागणार नव्हतं. वाक्य लांबणार, त्याखालचं दृश्य बदलावं लागणार, तरंगत्या तुकड्यांऐवजी कड्यावरून उतरणारी हिमनदी घालावी लागणार, आवाज पुन्हा बसवावा लागणार, आणि हातात उणेपुरे अडीच दिवस. चाळीस मिनिटांत एक शब्द, कुणाच्याही लक्षात येणार नाही, असं तो म्हणाला. दुसऱ्या शाळेपर्यंत कुणाच्या आलं होतं का?

“नववीत तुझा अर्धा गुण कशाने गेला होता रे?” बाईंनी विचारलं.

“अनुस्वाराने,” केयूर म्हणाला. “एकवीस वर्षं झाली, बाई.”

“विसरलास का?”

केयूर विसरला नव्हता. तो उठला आणि वारज्याला फोन लावायला गॅलरीत गेला.

रविवारी स्टुडिओत एक वाक्य बारा वेळा घ्यावं लागलं. ‘जमिनीवरचा’ या शब्दावर बाई इतका जोर देत, की ध्वनिमुद्रण करणारा मुलगा शेवटी काचेपलीकडून हळूच म्हणाला, बाई, कुणाला तरी रागावल्यासारखं वाटतंय. बाईंनी पाणी मागितलं आणि बाराव्या वेळी सरळ वाचलं. सगळं काम मिटलं, असं केयूरला वाटलं. पण गाडीत बसता बसता बाईंनी सोमवारी आपण हडपसरला आणि मंगळवारी घराजवळच्या शाळेत जाणार असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही कशाला एवढ्या लांब, मी सरांना मेसेज टाकतो. बाई म्हणाल्या, चूक काही मी मेसेजवर केली नव्हती.

सोमवारी दोन बस बदलून बाई शाळेत पोचल्या. मुख्याध्यापकांनी आदराने चहा सांगितला आणि येण्याचं कारण ऐकल्यावर त्यांचा कप बशीतच राहिला. चूक झाली असेल तर ते विज्ञानाच्या शिक्षकांकरवी सावकाश सांगतील, असं त्यांचं म्हणणं पडलं. थेट मुलांसमोर सांगितलं तर मुलांचा मोठ्यांवरचा विश्वास उडेल, अशीही त्यांना धास्ती होती. उडाला थोडा तर उडू दे, असं म्हणून बाई उठल्या. बिचारे सर निमूटपणे मागून आले.

दोन्ही तुकड्या एका वर्गात कोंबल्या होत्या. बाईंनी टेबलावर हात टेकले. पुढचं वाक्य म्हणायची त्यांना सवय नव्हती.

“शनिवारी मी जे सांगितलं, ते चुकीचं होतं. भाग्यश्रीने सांगितलं, ते बरोबर होतं. माझं चुकलं.”

वर्गाला आधी हे काहीतरी विनोदाचं आहे असं वाटलं. मग लक्षात आलं, की नाही. बाईंनी खडू भाग्यश्रीच्या हातात दिला, स्वतः पहिल्या बाकावर जाऊन बसल्या आणि तिला कारखान्यातलं जे असेल ते सांगायला लावलं. तिने फळ्यावर एक चौकोन काढला, तो हौद. काठावर आडवी रेघ काढली, ती फळी. पाणी गोठवायच्या डब्यांतून निघालेल्या लाद्या पप्पा आकड्याने ओढून फळीवर घेतात, तिथून टेम्पोत भरतात. एखादी लादी हौदात पडून राहिली तर ती पार विरघळून जाते, पण हौद तेवढाच राहतो. मात्र टेम्पोला उशीर झाला आणि फळीवरच्या लाद्या विरघळून पाणी आत उतरायला लागलं, की हौद वाहतो आणि पप्पांना ओल्यात उभं राहावं लागतं. एवढं सांगून ती थांबली आणि पुढे काय म्हणून बाईंकडे बघायला लागली. पुढे काही नव्हतं. बावीस पानं वाचून जे सांगता आलं नसतं, ते झालं होतं.

बाईंनी तिची पत्रिका पिशवीतून काढली. हे का खोडलंस, असं त्यांनी विचारलं. भाग्यश्रीला हा प्रश्नच जरा वेड्यासारखा वाटला असावा.

“तुम्ही खाली बस म्हणालात ना, बाई.”

कुणी हसलं नाही. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि त्या खोडलेल्या दोन ओळींखाली लाल शाईने ठिपके द्यायला सुरुवात केली, एका शब्दाखाली, मग दुसऱ्या, अशा शेवटपर्यंत. छापखान्यात मुद्रितं तपासताना चुकून बरोबर मजकूर खोडला गेला, की अशी खूण करतात, असं त्यांनी वर्गाला सांगितलं. खोडलेला मजकूर कायम ठेवा, असा तिचा अर्थ. खालच्या वाक्यावरची आपली शनिवारची खूण त्यांनी रद्द केली आणि वरच्या उत्तराला एकापैकी एक दिला. खोडलेल्या उत्तराला बाईंनी गुण दिल्याची ही पहिलीच वेळ.

पत्रिका परत घेताना भाग्यश्रीने ती नीट वाचली. मग तिने मान वर केली.

“बाई, मग तुमचा किती गेला? मात्रेचा की अर्थाचा?”

मुख्याध्यापक पुढे झाले, पण बाईंनी हाताने त्यांना थांबवलं. प्रश्न रास्त होता.

“अर्थाचा. पूर्ण गेला.”

भाग्यश्रीने थोडा विचार केला. हातातल्या पत्रिकेवरच्या ठिपक्यांकडे एकदा बघितलं.

“पण तुम्ही परत आलात ना, बाई. अर्धा घ्या.”

अर्थ चुकला की अर्धा मिळत नसतो, हे वाक्य बाईंच्या जिभेवर आलंच होतं. छत्तीस वर्षांत ते त्यांनी किती पोरांना ऐकवलं असेल, आणि किती पोरं मान खाली घालून जागेवर गेली असतील, याची मोजदाद नाही. डोळे भरून आले, त्याचा त्यांना राग आला, म्हणून त्यांनी क्षणभर पंख्याकडे बघून घेतलं. मग त्यांनी लाल पेन भाग्यश्रीपुढे धरलं आणि पिशवीतून निवेदनाचं चौदावं पान काढून तिच्यापुढे बाकावर ठेवलं. तिने समासातल्या त्या शेऱ्याशेजारी नीट अक्षरात अर्धा लिहिला, आणि बाईंनी तो मुकाट्याने घेतला.